अलंकारांचा अभ्यास : वाचक शब्दांचा तक्ता की उपमेय-उपमानाचे नाते?

मराठी अलंकारांचा अभ्यास हाती घेणाऱ्यासमोर साधारणपणे दोन वाटा असतात. पहिली वाट वाचक शब्दांच्या, म्हणजे तुलना सुचवणाऱ्या शब्दांच्या, तक्त्याची आहे: सारखा, समान, प्रमाणे, वाणी, परी दिसले की उपमा, आणि जणू, गमे, वाटे, भासे दिसले की उत्प्रेक्षा. दुसऱ्या वाटेवर, कवीने उपमेय (ज्याची तुलना करायची ते) आणि उपमान (ज्याच्याशी तुलना करायची ते) यांच्यात कोणते नाते जोडले आहे, हा प्रश्न आधी विचारायचा आणि अलंकाराचे नाव नंतर आठवायचे.

तक्त्याची सोय मी नाकारत नाही. स्पर्धा परीक्षेच्या तयारीत मी तो चार संध्याकाळींत पाठ केला आणि सरावाची बहुतेक उत्तरे बरोबर येऊ लागली. प्रत्यक्ष परीक्षेत मात्र ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातील ओवी समोर आली: ‘माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके’. ‘परि’ दिसताच मी उपमेवर खूण केली. पण तक्त्यातला ‘परी’ म्हणजे ‘प्रमाणे’ आणि ओवीतला ‘परि’ म्हणजे ‘परंतु’. माझे बोल मराठीच खरे, परंतु अमृतालाही पैजेने जिंकतील अशी अक्षरे मी जुळवीन, असे ज्ञानदेव म्हणतात. उपमेय उपमानावर मात करते, म्हणून हा व्यतिरेक. एका गुणाचे दुःख लवकर ओसरले, पण लहानपणापासून पाठ असलेल्या आणि अर्थही ठाऊक असलेल्या ओवीचा अर्थ त्या क्षणी माझ्या मनातही आला नाही, ही बोच अजून आहे.

यानंतर मी दुसरी वाट धरली. एकच जोडी घ्यावी आणि तिच्यातले नाते बदलत जावे, ही पद्धत मला सर्वांत उपयोगी वाटली. मी भाकरी आणि चंद्र घेतले. भाकरी चंद्रासारखी म्हटले की दोन्ही वेगळी राहून साम्य दिसते, ती उपमा. भाकरी जणू चंद्रच म्हटले की ती चंद्र असावी अशी कल्पना होते, ती उत्प्रेक्षा. आणि भाकरी हाच आमचा चंद्र म्हटले की भेद मिटतो, ते रूपक. ही भाकरी नव्हे, चंद्र आहे, ही अपन्हुती. ही भाकरी की चंद्र, हा ससंदेह. भाकरीसारखी भाकरीच, हा अनन्वय. येथे ‘सारखी’ असूनही तो उपमा नाही, कारण तुलनेला दुसरी वस्तूच उरलेली नाही. ‘की’ हा शब्द उत्प्रेक्षेच्या यादीतही सापडतो आणि ससंदेहातही येतो, त्यामुळे तक्ता पाहणाऱ्याने तेथे काय करावे, हे मला आजही सांगता येत नाही.

अर्थात नात्याची वाट सगळीकडे नेत नाही. यमक आणि अनुप्रास कानाने कळतात, श्लेषासाठी शब्दाचे दोन अर्थ माहीत असावे लागतात, आणि स्वभावोक्तीत (हुबेहूब वर्णनात) किंवा विरोधाभासात उपमान शोधत बसण्यात अर्थ नाही. शिवाय ही वाट सावकाश आहे; मला सुमारे दोन महिने लागले. ज्याची परीक्षा पंधरा दिवसांवर आली आहे, त्याने तक्ताच पाठ करावा हे बहुधा शहाणपणाचे ठरेल. ज्याच्याजवळ थोडा अवधी आहे आणि ज्याला परीक्षेनंतरही कविता वाचायची आहे, त्याने मात्र नात्यापासून सुरुवात करावी, असे मला वाटते. भरताच्या नाट्यशास्त्रात उपमा, रूपक, दीपक आणि यमक असे चारच अलंकार सांगितले आहेत. पुढे यादी कितीतरी वाढली, पण साम्यावर आधारलेल्या अलंकारांत ती मुख्यतः नात्याच्या बारीक छटा टिपत वाढली, हे लक्षात आले की लांब यादीची भीती कमी होते.

गेल्या वर्षी भाचीला अलंकार शिकवताना मी भाकरीपासूनच सुरुवात केली. वाचक शब्दांचा तक्ता तिच्या वहीच्या शेवटच्या पानावर, उजळणीपुरता, लिहून दिला.