पुण्यात सेकंडहँड पॉवर सप्लाय घेणाऱ्यांनो, आधी हे वाचा

‘कंपनीच्या लॅबमधून निघालेला माल’ असं सांगून पुण्यात जुने बेंच पॉवर सप्लाय, म्हणजे सर्किटांना हवं तेवढं व्होल्टेज देणारे टेबलावरचे डबे, विकले जाताहेत. ३० व्होल्ट, ५ अँपिअर, लिनिअर (म्हणजे मोठ्या ट्रान्सफॉर्मरवर चालणारा), हातात घेतला तर चांगला जड, आणि किंमत नव्याच्या निम्म्याहून कमी. त्यातला एक मी माझ्या भाच्यासाठी घेतला आणि आम्ही पुरते फसवले गेलो. पैसे गेले त्याचा संताप आहेच, पण डबा उघडल्यावर आतलं अर्थिंग पाहून माझे हातपाय गार पडले. डिप्लोमा-इंजिनिअरिंगची मुलं आणि घरी सर्किटं जुळवत बसणारी मंडळी, तुमच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

भाचा डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला आहे, इलेक्ट्रॉनिक्सला. त्याला अॅम्प्लिफायर जुळवायचा होता. असल्या कामाला मोबाइलचा चार्जर पुरत नाही. व्होल्टेज हवं तेवढं ठेवता आलं पाहिजे, आणि जोडणीत काही चुकलं तर सप्लायने करंट तिथल्या तिथे रोखला पाहिजे, नाहीतर आयसी गेलीच म्हणून समजा. माझ्या मते बेंच सप्लायसाठी जे जास्तीचे पैसे मोजायचे ते या करंट लिमिटसाठीच. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत चौकशी केली, पण नवा बजेटमध्ये बसेना. मग मोबाइलवर ही जाहिरात दिसली. गाळा स्वारगेटकडे होता.

विक्रेता बोलायला अतिशय सभ्य. “उचलून बघा मॅडम, आत अख्खा ट्रान्सफॉर्मर आहे. हल्लीचे एसएमपीएसवाले हलके असतात.” (एसएमपीएस म्हणजे मोबाइलच्या चार्जरमध्ये असतो तसला, मोठ्या ट्रान्सफॉर्मरशिवायचा सप्लाय.) मागच्या बाजूला उष्णता बाहेर टाकणारी काळी हीटसिंक, तिच्यावर २एन३०५५ हा जुना, भरवशाचा पॉवर ट्रान्झिस्टर, एक नाही दोन. त्याने नॉब फिरवला, डिस्प्लेवर ३०.० आले. मी म्हटलं, लोड लावून, म्हणजे करंट खेचणारं काहीतरी जोडून दाखवा. त्याने लाल आणि काळं टर्मिनल सरळ वायरने जोडलं. व्होल्टेज शून्याजवळ आलं आणि करंट ५.०१ दिसला. करंट लिमिट तपासायची हीच रीत आहे, कुठल्याही लॅबमध्ये असंच करतात. ज्याने तो डबा बनवला त्यालाही ते चांगलंच ठाऊक होतं. मी ३,२०० रुपये यूपीआयने दिले. साध्या कागदावर पावती मिळाली, त्यावर जीएसटी नंबर नाही.

घरी आल्यावर भाच्याने गाडीच्या हेडलाइटचा बल्ब लावला. हा १२ व्होल्ट, ६०/५५ वॉटचा एच४ बल्ब नाना पेठेत कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो आणि लोड म्हणून त्याच्याइतकी स्वस्त आणि खरं सांगणारी वस्तू दुसरी नाही. त्याची ५५ वॉटची फिलामेंट १२ व्होल्टला साधारण ४.६ अँपिअर घेते. म्हणजे ५ अँपिअरच्या सप्लायवर तो लख्ख पेटायला हवा. आमचा बल्ब नुसता तांबूस झाला. व्होल्टेज घसरून ३ च्याही खाली, आणि करंटचा आकडा मात्र ४.९.

“मावशी, हे शक्यच नाही,” भाचा म्हणाला, आणि त्याचं बरोबर होतं. त्या फिलामेंटमधून खरोखर ४.९ अँपिअर गेले असते तर बल्बकडे बघवलं नसतं. आम्ही आमचा मल्टीमीटर १० अँपिअरच्या सॉकेटमध्ये प्रोब घालून सिरीजमध्ये जोडला. खरा करंट निघाला १.९७. डिस्प्ले अडीचपट फुगवून सांगत होता.

मग प्लग काढून, कपॅसिटर उतरायला वेळ देऊन, डबा उघडला. तळाला एमसीलने घट्ट बसवलेला कडप्प्याचा तुकडा. तो जड ‘अख्खा ट्रान्सफॉर्मर’ म्हणजे हा. त्याच्या शेजारी एलईडीच्या पट्ट्यांना वापरतात तसला एक लहानसा एसएमपीएस, त्यावर छापलेलं ३६ व्होल्ट, १ अँपिअर. म्हणजे ३६ वॉट. जाहिरातीत कबूल केलेले ३० गुणिले ५, म्हणजे १५० वॉट. एसएमपीएसपुढे व्होल्टेज कमी करणारं एक तयार बक मॉड्युल, त्याचं करंट लिमिट २ अँपिअरच्या वर जाणारच नाही असं एक रेझिस्टर घालून कायमचं बांधलेलं. हीटसिंकवरच्या दोन्ही २एन३०५५ च्या पायांना एकही वायर नव्हती. नुसते स्क्रूने बसवलेले.

आणि डिस्प्ले. या स्वस्त पॅनेल मीटरच्या मागे जाड तारेचा एक छोटा तुकडा असतो, तो शंट. सगळा करंट त्यातून जातो आणि त्यावर पडणारं अगदी थोडं व्होल्टेज मोजून मीटर आकडा दाखवतो. इथे मूळ शंट काढून जागी बारीक, लांब तार सोल्डर केली होती. रोध वाढला की व्होल्टेज वाढतं, आणि तेवढाच आकडा वाढतो. सोल्डरभोवती चिकट तपकिरी फ्लक्स अजून तसाच होता, पुसायचेही कष्ट घेतले नव्हते. दुकानात दिसलेले ते ५.०१ म्हणजे हेच दोन अँपिअर. हे अज्ञानातून घडलेलं नाही. नेमकी कोणती चाचणी होणार हे ओळखून कुणीतरी शांतपणे बसून केलेलं काम आहे.

खरा लिनिअर सप्लाय कसा वागतो हे माहीत असेल तर संशय दुकानातच येऊ शकतो. आत ३५ व्होल्ट येत असतील आणि बाहेर ५ व्होल्टला ५ अँपिअर घ्यायचे असतील तर उरलेले ३० व्होल्ट गुणिले ५, म्हणजे १५० वॉट, ट्रान्झिस्टरवर नुसती उष्णता होऊन जातात. ती कमी करायला बरेच उत्पादक ट्रान्सफॉर्मरला टॅप (कमी व्होल्टेज काढायच्या मधल्या जोडण्या) ठेवतात आणि नॉब फिरवत नेला की ठरावीक जागी त्या बदलणारा रिले आत ‘टक्’ वाजतो. लोडवर पाचदहा मिनिटं चालवल्यावर हीटसिंक गरम व्हायलाच हवी. आमची थंडगार होती.

आता अर्थिंग. बाहेरून थ्री-पिन प्लग अगदी व्यवस्थित. आत हिरवी वायर मध्येच कापून टेपने गुंडाळलेली. एसएमपीएसच्या फिल्टरचे कपॅसिटर मेन्स आणि बॉडी यांच्यामध्ये असतात, त्यामुळे अर्थ नसेल तर पत्र्यावर २३० च्या जवळपास निम्मं व्होल्टेज तरंगत राहतं. करंट अगदी थोडा, म्हणून हाताला नुसती झिणझिणी जाणवते. पण आतली फेज वायर सुटून पत्र्याला टेकली तर? तेव्हा अर्थमधून मोठा करंट जाऊन फ्यूज उडायला हवा. इथे अर्थ नाही आणि फ्यूजच्या जागी तांब्याची तार पिळून बसवलेली. एकोणीस वर्षांचा मुलगा रात्री एकटा या डब्यावर हात ठेवून काम करणार होता. ३,२०० रुपयांपेक्षा हे मला कितीतरी जास्त लागलं.

म्हणून जुना सप्लाय बघायला जाताना पिशवीत हेडलाइटचा बल्ब, क्रोकोडाइल क्लिपच्या चार वायरी आणि स्वतःचा मल्टीमीटर न्याच. डब्याच्या डिस्प्लेवर अजिबात विसंबू नका. प्लग काढलेला असताना मल्टीमीटर कंटिन्युइटीवर (वायर जोडलेली असेल तर बीप देणारी सेटिंग) ठेवून एक प्रोब प्लगच्या मोठ्या अर्थ पिनला आणि दुसरा कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला लावा. बीप आला नाही तर तिथूनच परत फिरा. वरचं झाकण काढू देत नसेल तरी परत फिरा. ‘वॉरंटी सील आहे’ या सबबीला जुन्या मालात काही अर्थ नाही.

भाच्याचं काम सध्या एलएम३१७ या व्होल्टेज कमी-जास्त करता येणाऱ्या रेग्युलेटर आयसीवर चाललंय. २४० ओहमचा रेझिस्टर, ५ किलोओहमचा पॉट (फिरवून रोध बदलायचा नॉब), इनपुटला १५ व्होल्टचा चांगल्या कंपनीचा अडॅप्टर. सव्वा व्होल्टपासून साधारण १२ पर्यंत मिळतं, दीड अँपिअरच्या आत राहायचं, हीटसिंक लावायची. या आयसीचा करंट लिमिट आपल्याला हवा तिथे ठेवता येत नाही, म्हणून नवी जोडणी पहिल्यांदा सुरू करताना तो एक लहान १२ व्होल्टचा बल्ब सिरीजमध्ये घालतो. कुठे शॉर्ट असेल तर बल्ब पेटतो आणि सर्किट वाचतं.

विक्रेत्याचा फोन दुसऱ्या दिवसापासून बंद, गाळ्याला कुलूप. आतले फोटो, पावती आणि यूपीआयचा व्यवहार क्रमांक जोडून पोलिसांत लेखी तक्रार दिली आहे. तीच जाहिरात आता दुसऱ्या नावाने पुन्हा दिसतेय. फोटो तेच आहेत: राखाडी डबा, उजव्या कोपऱ्यात पत्र्याला पोचा, ५ अँपिअरच्या आकड्याशेजारी वाकडा चिकटलेला लाल स्टिकर. असा डबा तुम्ही घेतला असेल तर आधी प्लग काढा, अर्थ तपासा, आतले फोटो काढून ठेवा आणि तुमचीही तक्रार नोंदवा. तक्रारी जितक्या जास्त, तितकं हे प्रकरण बाजूला सारणं पोलिसांना अवघड जाईल.