माडावर चढण्याचे यंत्र: उभ्याचे की बसायचे?

पाडेलीचे, म्हणजे माडावर चढून नारळ पाडण्याचे काम व्यवसाय म्हणून करू पाहणाऱ्याने खोडाला खाचा पाडून चढण्याचा विचार मनातून काढून टाकावा, कारण अशा जखमांतून खोड पोखरणाऱ्या सोंड्या भुंग्याला आत शिरायला वाट मिळते आणि नुकसान मालकाच्या माडाचे होते. मग प्रश्न उरतो तो यंत्राचा: उभ्याने चढायचे घ्यावे की बैठकीवर बसून चढायचे. रत्नागिरीकडच्या आगरांत मी दोन्ही प्रकारची यंत्रे वापरली आहेत, त्या अनुभवावरून लिहीत आहे.

बसायच्या यंत्राचे गुण मी मनापासून मान्य करतो. अंगाचा भार बैठकीवर राहतो, त्यामुळे शेंडा पोखरणारा गेंड्या भुंगा काढण्यासाठी किंवा शेंडा साफ करण्यासाठी बराच वेळ वर थांबावे लागले तरी पाय भरून येत नाहीत. नवख्या माणसाची भीतीही त्यावर लवकर मोडते. केरळातल्या चेंबेरी गावच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उभ्याच्या यंत्रावर मात्र दहा-बारा माड झाले की माझे तळवे आणि घोटे ठणकू लागतात.

तरीही बसायचे यंत्र मी सोडले, ते एका पिनेपायी. माझ्याकडच्या यंत्राच्या दोन्ही चौकटी खोडाभोवती बसवून पिनेने बंद कराव्या लागत. एकदा ती पिन माडाखालच्या पातेऱ्यात पडली आणि झावळ्या बाजूला सारत ती शोधण्यात अर्धा तास गेला. पुढे मी ती दोरीने चौकटीला बांधली. पण वाकड्या बुंध्याशी एका हाताने जड चौकट तोलून दोन भोके एका रेषेत आणण्याची कटकट काही टळली नाही. दीड-दोन महिन्यांनी पाडणी धरली, तर शंभर माडांच्या वाडीत वर्षाला सहाशे ते आठशे वेळा हेच करावे लागते. उभ्याच्या यंत्राची तार खोडाला वेढून अडकवली की काम झाले, आणि त्याचे दोन्ही भाग खांद्याला लावून पुढच्या माडाकडे जाता येते.

एक गोष्ट मात्र शिकून घ्यावी. बाणवली या उंच जातीच्या माडाचे खोड वर निमुळते होत जाते, तसा तारेचा वेढा सैल पडून पायपट्टी, म्हणजे पाय ठेवायची पट्टी, खाली झुकते. म्हणून जमिनीवरच ती थोडी वर उचललेली राहील अशी तार बसवावी. कोयत्याला हात घालण्याआधी कमरेचा पट्टा खोडाभोवती घालून ओढून पाहावा. नारळ विकास मंडळाने २०११ साली सुरू केलेल्या ‘फ्रेंड्स ऑफ कोकोनट ट्री’ प्रशिक्षणासारखी संधी मिळाली, तर हे सारे शिकूनच काम हाती घ्यावे.

ज्यांना औषध घालण्याची आणि शेंडा साफ करण्याची कामेच अधिक मिळतात, त्यांनी कदाचित बसायचेच यंत्र घ्यावे. मुख्यतः पाडणी करणाऱ्याने मात्र, माझ्या मते, पहिले पैसे उभ्याच्या यंत्रात आणि चांगल्या पट्ट्यात घालावेत.