मार्केट यार्डातला साडेचारशेचा कीबोर्ड : आठ महिन्यांनंतर

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात मी दिवाणजी आहे. दिवसभर शेतकऱ्यांच्या पट्ट्या, म्हणजे विकलेल्या मालाचे हिशेब करायचे, सगळा आकड्यांचा मारा. दिवाळीच्या तोंडावर हा वायरवाला यूएसबी कीबोर्ड साडेचारशेला घेतला. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तीनदा बिघाड झाला, पण त्यातल्या दोनदा त्या बिचाऱ्याचा काही दोष नव्हता.

पहिला घोळ डिसेंबरात. बटण दाबलं तरी अंक उमटेना, जरा वेळ दाबून धरलं की उमटायचा. अण्णा म्हणाले, "स्वस्तातलं आणलं की असंच व्हायचं, दिवाणजी." मलाही तसंच वाटलं. खरा गुन्हेगार निघाली खतावणी! ती उघडी ठेवताना तिची कड उजव्या शिफ्टवर टेकत होती. विंडोजमध्ये उजवी शिफ्ट आठ सेकंद दाबलेली राहिली, की 'फिल्टर कीज' (बटण ओझरतं दाबलं तर ते न मोजणारी सोय) चालू करायचं का असं विचारणारी चौकट येते. मी ती न वाचताच एंटर मारला होता. सेटिंगमध्ये जाऊन बंद केलं, संपलं.

जानेवारीत एका सकाळी कीबोर्ड मेलेलाच. नमलॉकचा दिवासुद्धा लागेना. ऐन सौद्याच्या वेळी माउसनं पडद्यावरचा कीबोर्ड उघडून एकेक अक्षर टिपत पासवर्ड घातला. नंतर मशीन पुन्हा चालू करताना डिलीट दाबून पाहिलं, विंडोजच्या आधी चालणारं बायोससुद्धा उघडेना. म्हणजे विंडोजला बोल लावून उपयोग नव्हता. वायर काढून मागच्या बाजूच्या, थेट मदरबोर्डवरच्या पोर्टमध्ये घातली आणि दिवा लागला. पुढच्या पोर्टला पेनड्राइव्हही लागत नव्हता. हे आधी करून बघितलं असतं तर अर्धा तास वाचला असता.

तिसरा बिघाड मात्र याचाच. फेब्रुवारीपासून नवी हळद येते आणि मग दुकानात श्वाससुद्धा पिवळा होतो. एप्रिलमध्ये नंबरपॅडवरचा 5 कधी उमटायचा, कधी नाही. अण्णांच्या घरच्या कॉम्प्युटरला लावून बघितला, तिथंही तेच. 5 गेला तर पट्टी करायची कशी? शेवटी मागचे स्क्रू काढले. आत प्लास्टिकचे तीन पातळ पापुद्रे असतात. वरच्या आणि खालच्या पापुद्र्यावर विजेच्या रेघा, मधल्याला फक्त भोकं. बटण दाबलं की त्या भोकातून वरची रेघ खालच्या रेघेला टेकते. आमच्या भोकात हळद बसली होती. आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या मऊ फडक्यानं हलक्या हातानं पुसलं, बटणं वेगळी धुतली, रात्रभर वाळवली. आता 5 चालतो. डाग मात्र गेले नाहीत, अर्धा नंबरपॅड हळदीकुंकवाला जाऊन आल्यासारखा दिसतो.

बाकी वायर लांब आहे, बटणं मऊ आहेत. 0 आणि एंटरवरची छपाई सहा महिन्यांत पुसली गेली, त्याचं मला काही नाही, बोटांना पाठ आहे. सिलिकॉनचं कव्हर घालून बघितलं, पण ते म्हणजे हातमोजे घालून नोटा मोजणं. चार दिवसांत काढून टाकलं.

साफसफाईनंतर नंबरपॅडचा एंटर जरा अडकतो. वॉरंटीचे चार महिने बाकी आहेत, पण मागच्या एका स्क्रूवर स्टिकर होतं आणि ते मीच फाडलंय.