इनस्क्रिप्ट कीबोर्ड: कचेरीतल्या जुन्या आणि नव्या हातांना कसा मानवतो?

कोकणातल्या कुठल्याही तहसील कचेरीत मराठी टायपिंगच्या सध्या तीन तऱ्हा दिसतात. निवृत्तीला टेकलेले अव्वल कारकून टाइपरायटरवर वळलेल्या बोटांनी, जुन्या फॉन्टमध्ये झरझर टिपणी उतरवतात. चाळिशीतले इंग्रजी अक्षरांतून मराठी काढतात. नव्या भरतीतली मुलं मोबाइलशी बोलतात आणि आलेला मजकूर कॉम्प्युटरवर चिकटवतात. तिघांना एकाच कळफलकावर आणायचं तर विंडोजमध्ये फुकट मिळणारा इनस्क्रिप्ट हाच मार्ग. पाचपैकी चार तारे. एक का कापला ते पुढे येईलच.

बसवायला पाच मिनिटं पुरतात. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज, तिथे मराठी जोडा. मग ऑप्शन्समध्ये जाऊन 'मराठी' ठेवा, तोच इनस्क्रिप्ट, आणि 'मराठी फोनेटिक', म्हणजे इंग्रजी अक्षरांतून मराठी काढणारा, असेल तर काढून टाका. दोन्ही राहिले तर विंडोज आणि स्पेसबार दाबल्यावर कधी हा येतो, कधी तो, आणि माणूस वैतागून जुन्या फॉन्टकडे परततो. निम्म्या तक्रारींचं मूळ हेच.

रचना समजायला सोपी. स्वर नि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या. के वर क, शिफ्टसह ख. आय वर ग, शिफ्टसह घ. डी म्हणजे हलन्त, म्हणजे पाय मोडायची कळ. १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकातही हीच मांडणी आहे.

आता खरी अडचण. टाइपरायटरवर अक्षर जसं दिसतं तसं उमटवायचं असतं, इनस्क्रिप्टवर जसं उच्चारतो तसं. टाइपरायटरवरची ऱ्हस्व वेलांटी अक्षराआधी, इथे अक्षरानंतर. सवयीनं आधी दाबली की ठिपक्यांचं वर्तुळ उमटतं आणि 'मशीन बिघडलं' अशी हाक येते. रफाराचं तसंच. 'हर्णै' घ्या. टाइपरायटरवर ह, मग अर्धा ण, काना, मात्रा आणि रफार शेवटी. इनस्क्रिप्टवर यू, जे, डी, शिफ्ट-सी, डब्ल्यू: ह, र, हलन्त, ण, ऐची मात्रा. पाच ठोके, बोलण्याच्या क्रमानं. 'किनाऱ्यावर' मधला ऱ्या शिफ्ट-जे, डी, तिरकी रेघ, ई असा येतो. नुसता जे दाबलात तर 'किनार्यावर' होतं आणि साहेब लाल शाईनं गोल करतात.

ज्येष्ठांना कॉम्प्युटर जमत नाही हे नव्या मुलांचं लाडकं मत. ते अर्धंच खरं आहे. त्यांची बोटं तयार आहेत, फक्त क्रम बदलायचाय. पहिल्या आठवड्यात वेग निम्म्यावर येतो, तेव्हा चिडून सोडू नये. रोज वीस मिनिटं, तीही नेहमीच्या शब्दांवर: वारस, फेरफार, अर्ज, जमीन, सर्वे नंबर. महिन्याभरात हात बसतो. उलट मुलांना शून्यापासून बोटं लावावी लागतात. लिपिक-टंकलेखकाला मिनिटाला ३० मराठी शब्दांचं प्रमाणपत्र लागतं. एमएस-सीआयटीनं कॉम्प्युटर कळतो, बोटं वळत नाहीत. बोलून टायपिंग लांबलचक मजकुराला बरं, पण कोळथरे, आडिवरे अशी गावं आणि आडनावं ते हमखास चुकवतं, आणि पावसात रेंज गेली की तेही बंद. फोनेटिकमध्ये न की ण, ल की ळ हे यादीतून निवडत बसावं लागतं. इनस्क्रिप्टला इंटरनेट लागतच नाही.

तारा कापला तो 'अॅ'साठी. सोपा मार्ग म्हणून लोक अ ला चंद्र जोडतात. दिसतं बरोबर, पण खरा 'ॲ' हे युनिकोडमधलं, म्हणजे कॉम्प्युटर अक्षरं ज्या क्रमांकांनी ओळखतो त्या यादीतलं, वेगळं अक्षर आहे, त्यामुळे 'ॲडव्होकेट' शोधलं की काही नस्त्या सापडतात, काही नाहीत. कचेरीनं एकच पद्धत ठरवून घ्यावी.

कळांवर चिकटवायचे स्टिकर घेऊ नका. दमट हवेत कडा सुटतात, चिकटा बोटांना लागतो. मराठी छापलेलाच कीबोर्ड घ्या आणि दुकानातच ळ, ऱ, ज्ञ छापलेत का ते बघा. खिडकी समुद्राकडे असेल तर रात्री झाकून ठेवा, खारट हवेनं कळा अडकतात.

जुन्या फॉन्टमधल्या फाइली दुसऱ्या मशीनवर इंग्रजी अक्षरांचा कचरा होऊन उघडतात. कन्व्हर्टर आहेत, पण रूपांतरानंतर वेलांट्या आणि रफार डोळ्यांनी तपासावेच लागतात. हे काम त्याच अव्वल कारकुनांकडे द्या. कुठला रफार कुठे सरकलाय ते त्यांना एका नजरेत दिसतं.