दिवे तीनशे, पिक्सेल शंभरच

घरावर आधीच साध्या माळा आहेत आणि त्यांना प्रोग्रॅम करता येणाऱ्या लाइट्सची जोड द्यायची आहे, तीही कमी खर्चात, अशा मंडळींसाठी हे लिहितोय. आमच्याकडे छताच्या कडेला आणि कुंपणावर पांढऱ्या माळा होत्याच. दाराभोवती फक्त एक पट्टी हवी होती, जिचा प्रत्येक दिवा वेगळा चालवता येईल. ईएसपी ३२ बोर्ड, म्हणजे वाय-फाय असलेला छोटा कंट्रोलर, घरात पडून होता. त्यावर चालणारं, दिवे चालवायचं सॉफ्टवेअर डब्ल्यूएलईडी फुकट, गाण्याच्या तालावर दिवे बसवायचं एक्सलाइट्सही फुकट. पैसे जाणार होते ते पट्टी आणि पॉवर सप्लायवर, आणि नेमकं तिथेच विक्रेत्याने गंडवलं.

जाहिरातीत होतं: पाच मीटर, ३०० एलईडी, ५ व्होल्ट, प्रत्येक दिवा स्वतंत्र, सोबत पॉवर सप्लाय. व्हिडिओत एकच निळा ठिपका पट्टीभर पळत होता. तरी लेखी विचारलं, एकेक दिवा वेगळा चालतो ना? उत्तर आलं, "हो सर, शंभर टक्के."

पार्सलमधून निघाली चार वायरींची पट्टी. टोकाला छापलेलं: १२ व्होल्ट, आर, जी, बी (लाल, हिरवा, निळा). म्हणजे अख्खी पट्टी एकदम लाल, नाहीतर एकदम निळी. तिला डेटाची वायरच नाही, तर प्रोग्रॅम कशाला करणार? दर दिव्याला स्वतःची चिप असलेली डब्ल्यूएस २८१२बी जातीची पट्टी असती तर प्रत्येक एलईडीच्या पोटात चिपचा बारीक काळा ठिपका दिसला असता आणि पट्टीवर डेटा कुठल्या दिशेने जातो त्याचा बाण असता.

लगेच परताव्याची तक्रार टाकली. खरा डाव इथून सुरू झाला. विक्रेता एकदम गोड बोलायला लागला. गोडाऊनमध्ये चूक झाली, बरोबर पट्टी आजच पाठवतो, फक्त तक्रार चालू असताना सिस्टीम नवीन पार्सल निघू देत नाही, तेवढी मागे घ्या. मागे घेतली. पार्सल निघालं, पण इतकं रमतगमत आलं की तोवर परताव्याची मुदत संपून गेली. आणि एकदा मागे घेतलेली तक्रार तिथे पुन्हा उघडता येत नव्हती. हे त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक असणार. कुणी असं सांगितलं तर तक्रार उघडी ठेवूनच माल मागा. माल निघत नाही म्हणाला तर पैसे परत घ्या.

दुसऱ्या पट्टीला तीन वायरी होत्या, बाण होता, चिपही होत्या. डब्ल्यूएलईडीमध्ये संख्या ३०० टाकली आणि एकच दिवा पळवणारा इफेक्ट लावला. एकाऐवजी तीन दिवे एकत्र पेटून पुढे सरकत होते. टोकाला पोचले की गायब, आणि बराच वेळ सगळा काळोख. संख्या १०० केली तेव्हा फेरी बरोबर जुळली. ही होती १२ व्होल्टची डब्ल्यूएस २८११. हिच्यात तीन एलईडींना मिळून एकच चिप असते. पट्टी वाईट नाही, लांबून बघायच्या कडेला चालून जाते. पण ३०० स्वतंत्र दिवे म्हणून १०० विकणं ही सरळ लबाडी आहे. विक्रेता म्हणतो, "एलईडी मोजून घ्या, तीनशेच आहेत." उत्तर तयारच होतं! म्हणून एलईडी किती हे विचारूच नका, पिक्सेल, म्हणजे स्वतंत्र चालवता येणारे दिवे किंवा गट, किती ते विचारा. फोटोत कापायच्या खुणाही बघा. मीटरला ६० एलईडी असताना दर दिव्यानंतर खूण असेल तर पट्टी स्वतंत्र दिव्यांची. खुणा पाच-पाच सेंटिमीटरवर असतील तर तीन-तीनचे गट.

पॉवर सप्लायचा प्रकार मात्र फसवणुकीच्या पुढचा. लेबलवर १२ व्होल्ट, १० अँपिअर, म्हणजे १२० वॅट. हातात घेतला तर फोनच्या चार्जरएवढा आणि तितकाच हलका. पिक्सेलला पूर्ण पांढऱ्यावर ६० मिलिअँपिअर धरतात, त्या हिशोबाने १०० पिक्सेलना ६ अँपिअर पुरतात. तेवढ्यानेही व्होल्टेज ९ च्या आसपास आलं, लांबच्या टोकाचा पांढरा रंग पिवळट पडला आणि डबी हात लावता येणार नाही इतकी तापली. जळका वास यायला लागल्यावर प्लग काढला. रात्रभर घराबाहेर चालणारी वस्तू आहे ही. काटकसर पिक्सेलच्या संख्येत करा, सप्लायमध्ये नको.

कार्डाने पैसे दिले होते, म्हणून बँकेकडे वाद नोंदवलाय. जाहिरातीचे स्क्रीनशॉट, विक्रेत्याचं ते लेखी "हो सर" आणि तीन-तीन दिवे पळतानाचा व्हिडिओ जोडलाय. निकाल यायचाय. दरम्यान तोच माल दुसऱ्या नावाच्या दुकानात पुन्हा लागलाय, व्हिडिओही तोच. ओळखायला सोपा आहे: पांढरी भिंत, निळा ठिपका डावीकडून निघतो आणि वळणाच्या कोपऱ्यातला एक दिवा मेलेला आहे.