मोनोक्लोनल म्हणून विकलेली एमएमपी-९ ची अँटिबॉडी

एमएमपी-९ हे विकर (एन्झाइम) पेशींभोवतीचे आधारद्रव्य कापून ऊतींची फेररचना घडवते. जखम भरून येताना ते लागते आणि अनेक कर्करोगांत तेच वाढलेले आढळते. मानवी पेशी ते किती स्रवतात हे आम्हाला वेस्टर्न ब्लॉटने (प्रथिने जेलवर वजनानुसार वेगळी करून हवे ते प्रथिन अँटिबॉडीने ओळखण्याची पद्धत) पाहायचे होते, म्हणून एका विक्रेत्याकडून उंदरापासून तयार केलेली मोनोक्लोनल, म्हणजे एकाच पेशीवंशातून आलेली, अँटिबॉडी (ठरावीक लक्ष्याला चिकटणारे प्रथिन) मागवली. माहितीपत्रकात क्लोनचे नाव होते, ९२ किलोडाल्टनवर (किलोडाल्टन हे प्रथिनाच्या वजनाचे एकक) एकच ठळक पट्टी दाखवणारे छायाचित्र होते आणि विकराची निष्क्रिय व सक्रिय अशी दोन्ही रूपे ओळखली जातात असा दावा होता.

आमच्या ब्लॉटवर मात्र पट्टी उमटली ती ६६ च्या आसपास. विक्रेत्याने कळवले की हे विकराचे तुटलेले रूप आहे आणि तुमचे नमुने नीट जपलेले नसावेत. एमएमपी-९ चे सुमारे ६५ किलोडाल्टनचे आखूड रूप खरोखरच असते, त्यामुळे हे उत्तर आम्हाला पटले आणि त्यात चार महिने गेले. एका विद्यार्थिनीने त्या पट्टीची घनता मोजून प्रबंधासाठी आलेखही काढले होते. ते सगळे काम रद्द करावे लागले, याचे मला आजही फार वाईट वाटते.

पेशी न घालता नुसते सीरम (रक्तातला पेशीविरहित द्रव) मिसळलेले, पेशी वाढवण्याचे माध्यम जेलवर चालवले, तेव्हा तीच पट्टी तितकीच ठळक दिसली. सीरममधल्या अल्ब्युमिन या प्रथिनाचे वजन ६६ किलोडाल्टनच्या जवळपास असते, म्हणजे अँटिबॉडी बहुधा तेच पकडत होती. मग पेशी सीरमविना वाढवून, पीएमए हे एमएमपी-९ चे स्रवण वाढवणारे रसायन देऊन, एकाच नमुन्याचे दोन भाग केले: जेलॅटिन झायमोग्राफीत (विकराने जेलमधले जेलॅटिन पचवलेली जागा दाखवणारी चाचणी) ९२ वर स्वच्छ पांढरी पट्टी आली, ब्लॉटवर ती जागा कोरीच राहिली. शुद्ध रीकॉम्बिनंट (जनुक दुसऱ्या पेशीत घालून बनवलेले) एमएमपी-९ सुद्धा या अँटिबॉडीला दिसले नाही.

शेवटी आम्ही कुपीतल्या अँटिबॉडीचीच आयसोटाइप चाचणी (अँटिबॉडीच्या साखळ्यांचे प्रकार ओळखणारी) केली. कोहलर आणि मिल्स्टाइन यांनी १९७५ साली ही पद्धत दिली तेव्हापासून मोनोक्लोनल म्हणजे एकाच पेशीवंशातून आलेली एकजिनसी अँटिबॉडी. तिच्यात जड साखळीचा एकच उपवर्ग आणि कप्पा किंवा लॅम्डा यांपैकी एकच हलकी साखळी असायला हवी. आमच्या कुपीत जड साखळीचे तीन उपवर्ग आणि दोन्ही हलक्या साखळ्या सापडल्या, म्हणजे ते उंदराच्या अनेक अँटिबॉडींचे मिश्रण होते आणि माहितीपत्रकावरचे क्लोनचे नाव खोटे होते.

त्याच लॉटचा ब्लॉट मागितला असता विक्रेत्याने माहितीपत्रकातलेच छायाचित्र पुन्हा पाठवले. अँटिबॉडी विकत घेणाऱ्यांनी रीकॉम्बिनंट प्रथिन, एमएमपी-९ चे जनुक काढून टाकलेल्या पेशी आणि नुसते माध्यम या तीन तपासण्या कुपी आल्याच्या पहिल्याच आठवड्यात कराव्यात, कारण माल परत घेण्याची मुदत ३० दिवसांची होती आणि आमची मुदत नमुन्यांत दोष शोधण्यातच संपून गेली होती.