बडोद्याच्या रावपुऱ्यातलं जुन्या पुस्तकांचं दुकान: जा जरूर, पण पानं मोजून घ्या

दुकानाचं नाव लिहीत नाही कारण तक्रार पण करायचीय. दुकान कसलं, बोळच आहे, आत दोघं समोरासमोर आले की एकाने उलटं चालत बाहेर यायचं. क्रम वगैरे काही नाही, जीएसटीच्या गाईडखाली ज्ञानेश्वरी, पण विचारलं की काका बसल्या जागेवरून बरोबर बोट दाखवतात, मानलं पाहिजे.

मला १२० रुपयात थॅडियस स्टीव्हन्सचं जाडजूड इंग्रजी चरित्र मिळालं. आपली गाडी लिंकनच्या पुढे जात नाही त्यामुळे हे नावच माहीत नव्हतं. अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियातला वकील, जन्मापासून एक पाय अधू, आणि मजा म्हणजे १८२१ साली हा गुलामाच्या मालकाकडून केस लढला आणि जिंकला पण, आणि नंतर हाच माणूस पळून आलेल्या गुलामांच्या केसेस घ्यायला लागला, काँग्रेसमध्ये (म्हणजे तिकडच्या संसदेत) जाऊन १३व्या (गुलामगिरी बंद) आणि १४व्या (नागरिकत्व आणि कायद्यापुढे सगळे समान) घटनादुरुस्तीसाठी भांडला. १८३५ ला तिकडच्या विधानसभेत फुकट शाळांचा कायदा रद्द व्हायला आलेला, याने उभं राहून भाषण केलं आणि कायदा वाचला. इथे मी थांबलोच, बडोदेकर माणूस ना, सयाजीरावांनी १९०६ साली सगळ्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं ते आठवणारच. पोरं शाळेत नाही पाठवली तर दंड व्हायचा, आजी सांगायची.

आता तक्रार. १८६८, लिंकननंतरचा राष्ट्राध्यक्ष जॉन्सन, त्याच्यावर महाभियोग, स्टीव्हन्स इतका आजारी की खुर्चीत बसवून उचलून आणतायत, आणि पुढची १६ पानं गायब! पान उलटलं तर डायरेक्ट अंत्ययात्रा. जॉन्सन एका मताने सुटला हे मला मोबाईलवर बघावं लागलं. शेवटची पानं होती ते नशीब, बाकीच्या स्मशानभूमीत काळ्यांना जागा नाही म्हणून याने मुद्दाम सगळ्यांना घेणारी छोटी जागा निवडली होती ते त्यात आहे.

परत गेलो तर काका म्हणे, "अहो भाऊ, १२० मध्ये अजून काय काय पाहिजे?" पैसे नाही दिले, पण एक जुना दिवाळी अंक हातात कोंबला. त्याची पानं तिथेच उभं राहून मोजली, पूर्ण होती.

चार स्टार. गाडी न्याय मंदिराकडे कुठेतरी लावून चालत या, दुकानासमोर सायकल पण मावत नाही.